ठाणमावशीचा डावा खांदा

चित्रशाळेतल्या थोरल्या सरांनी भर दुपारी, दाराला आतून कडी घालून, ठाणमावशीवर सुरी उगारली. का, तर म्हणे प्रेमप्रकरण. मावशी नाही म्हणाली, सरांचं डोकं फिरलं. मावशीने त्यांना ढकललं, सर धाडकन आपटले, आणि खरी मावशी काही हाती लागेना म्हणून शेवटी त्यांनी चित्रातल्या मावशीच्या खांद्यात सुरी घातली. ज्याला पटत नसेल त्याने जाऊन बघावं. चित्र आता वर्गाच्या भिंतीवर आहे आणि डाव्या खांद्याच्या जागी रंग पार कापडापर्यंत खरवडून काढलेला आहे.

ही बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या जिन्यावरून उतरली, कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपाशी तिने जरा दम खाल्ला, आणि संध्याकाळी बटणांच्या दुकानात पोचली तेव्हा सुरी हातभर लांब झाली होती. आता सर म्हणजे निवृत्तीला तीन महिने उरलेला, गुडघे धरून जिना चढणारा, डोळ्यांवरचा चष्मा घरभर शोधणारा माणूस. मावशी पन्नाशी ओलांडलेली, लेकीचं लग्न उरकून मोकळी झालेली. पण माणसांना एकदा प्रेमप्रकरण हवं असलं की वय, गुडघे आणि चष्मा यांची अडचण कुणाला होत नाही.

ही मावशी मूळची लाँड्रीतली. इस्त्रीवर उभी असायची. चित्रशाळेचे पडदे आणि चादरी त्यांच्याकडे धुवायला येत, आणि त्यांचं गाठोडं पोचवायचं काम तिच्याकडे होतं. चित्रशाळेला इतक्या चादरी कशाला लागतात, याबद्दल लाँड्रीत बरेच तर्क चालत, ते इथे नकोत. एका मंगळवारी ती गाठोडं घेऊन वर्गात शिरली तर समोर लाकडी मंचावर एक निवृत्त पहारेकरी बसला होता आणि बावीस मुलंमुली त्याला कागदावर उतरवत होती. पहारेकरी मॉडेल म्हणून फार नावाजलेला, कारण त्याला बसल्या बसल्या झोपायची जन्माची सवय. त्या दिवशी मात्र झोप अंमळ गाढ लागली आणि गडी गोणी कलंडावी तसा मंचावरून खाली आला.

मावशी खो खो हसली.

"हसायला काय जातं?" सर करवादले. तेव्हा त्यांचे गुडघे चांगले होते आणि जीभ त्याहून चांगली. "बसून दाखवा बघू पंचवीस मिनिटं."

"बसण्यात काय आहे एवढं? लोक जन्मभर बसून खातात."

"खायचं नाहीये. नुसतं बसायचंय."

गाठोडं खाली ठेवून मावशी बसली. सहाव्या मिनिटाला नाकाच्या शेंड्याला खाज सुटली. दहाव्याला पायात मुंग्या शिरल्या. अठराव्या मिनिटाला डावा पाय आपला की बाकाचा, ते तिला सांगता येईना. पंचविसाव्या मिनिटाला सर म्हणाले, "उठा, विश्रांती," आणि ती उठली ती सरळ पहारेकऱ्याच्याच जागी पालथी पडली. सगळा वर्ग हसला. पण मावशीने बसल्या जागेवरून, म्हणजे पडल्या जागेवरून, एक गोष्ट सगळ्यांना ऐकवली: "पडले ती वेळ संपल्यावर. आधी नाही."

एकोणीस वर्षं झाली त्याला. एवढ्या काळात शाळेत तीन मुख्याध्यापक आले आणि गेले, वर्गाचा रंग दोनदा बदलला, पहारेकरी कायमचा झोपला. मावशी मंचावर होती तिथेच होती. एकदा ठाण मांडलं की मांडलं, म्हणून मुलांनीच तिला ठाणमावशी म्हणायला सुरुवात केली. लाँड्री सुटली, पण अंगावर घ्यायची चादर ती घरून स्वतः इस्त्री करून आणी. दुसऱ्याच्या हातची घडी तिला टोचायची.

न हलण्याचं शास्त्र असतं आणि ते तिने कुणाकडून शिकलं नव्हतं. आधी भार कुठे ठेवायचा ते ठरवायचं. मग ज्या हाडावर भार आहे त्या हाडाशी गोड बोलून घ्यायचं. समोरच्या भिंतीवर एक डाग निवडायचा आणि नजर तिथे टांगून ठेवायची. विश्रांतीला उठण्यापूर्वी पायांभोवती, हाताभोवती, बाकाच्या खुरांभोवती खडूने रेघ मारून घ्यायची, म्हणजे परत बसताना जागा चुकत नाही. आणि डोक्यात घर काढायचं: कुठला डबा रिकामा झाला, कुठल्या पडद्याची शिवण उसवली, नणंद परवा काय बोलली आणि आपण काय बोलायला हवं होतं. हे शेवटचं पंचवीस मिनिटांना पुरून उरतं.

एकदा गांधीलमाशी मानेवर बसली आणि चावली. मुलींनी किंचाळून वर्ग डोक्यावर घेतला. मावशीने ओठसुद्धा नीट न उघडता म्हटलं, "हिला कुणीतरी मारा. पण मला धक्का न लावता."

विश्रांतीच्या पाच मिनिटांत मात्र चादर खांद्यावर घट्ट ओढून ती कमरेवर हात ठेवून वर्गातून फिरे. बावीस चित्रं, म्हणजे बावीस मावश्या. "हा पाय कुणाचा उसना आणलास रे? परत देऊन ये, त्याला लागेल." पुढच्या ईझलच्या तिवईपाशी, "माझी मान एवढी लांब असती ना, तर भिंतीपलीकडची भांडणं मला घरबसल्या दिसली असती." आणि एखाद्या चित्रासमोर ती नुसतीच उभी राही, मान एकदा हलवे आणि पुढे जाई. ते पोर त्या दिवशी घरी उडत जायचं. सरांचे गुण एकीकडे आणि मावशीची मान एकीकडे.

घरी नवरा कुलपं दुरुस्त करायचा, किल्ल्या पाडून द्यायचा. गप्पिष्ट माणूस. त्याची बायको चारचौघांत उघड्या खांद्याने बसते, यावरून सुरुवातीला बरेच जण त्याचे कान भरून गेले. तेव्हा तो एकदा दुकान बंद करून वर्गात येऊन बसला. मागच्या बाकावर, हाताची घडी घालून. तासाभराने घरी येऊन म्हणाला, "अगं, बावीस जण तुझ्याकडे बघतायत आणि तू एकालाही दिसत नाहीयेस. कुणी कोपर करतंय, कुणी गुडघा. मी कुलूप उघडून त्याचे भाग मांडून ठेवतो ना, तसं चाललंय. एकाची तर जीभ बाहेर आली होती, घाबरून." त्यानंतर त्याच्यापाशी कुणी हा विषय काढला की तो म्हणे, "माझी बायको पंचवीस मिनिटं गप्प बसते. तुमची दोन मिनिटं बसते का?"

हा त्याचा अभिमान खरा होता, पण त्यात थोडी भीतीही होती. घरात भांडण झालं की मावशी ओरडायची नाही. बसायची. खुर्चीत, मान ताठ, नजर कपाटाच्या कडीवर. नवरा आधी हसे, मग समजावे, मग स्वतःच्या चुका आठवून आठवून कबूल करी, त्यातल्या काही तिला माहीतही नसत.

तर अशा बाईला काय म्हणू नये? चोर म्हणा, कजाग म्हणा, कंजूष म्हणा, ती हसून सोडून देईल. "हलली" म्हणू नये. लाइफ क्लासमध्ये, म्हणजे समोर माणूस बसवून चित्र काढायच्या वर्गात, मॉडेलला याहून मोठी शिवी नाही. आणि थोरल्या सरांनी तिला नेमकं तेच म्हटलं.

झालं असं. सरांनी तीस वर्षं दुसऱ्यांची चित्रं दुरुस्त करण्यात घालवली होती. निवृत्तीआधी एक मोठं चित्र आपलं काढायचं त्यांनी ठरवलं. माणसाच्या उंचीचा कॅनव्हास, गावातल्या मोठ्या दालनात वर्षाचं प्रदर्शन, आणि मॉडेल अर्थातच मावशी. वर्गातच एका बाजूला सरांचं ईझल लागलं. मुलंही तीच बैठक काढत आणि सरही. मावशी बाकावर तिरकी बसलेली, डावा तळहात मागे बाकावर टेकलेला, सगळा भार त्या हातावर, चेहरा खिडकीकडे. बसायला महाकठीण. पहिल्या आठवड्यात तिच्या मनगटाला सूज आली, पण नवऱ्यालासुद्धा तिने ते दाखवलं नाही.

चार आठवडे चित्र देखणं चाललं होतं. मग पंधरा दिवसांची सुट्टी लागली. सुट्टीत दोन माणसांनी दोन उद्योग केले. शाळेच्या शिपायाने वर्ग धुवून काढला. वर्षभर ज्या माणसाला केरसुणी सापडत नाही, त्याला नेमका त्याच वेळी कामाचा उमाळा आला, आणि मंचावरच्या खडूच्या सगळ्या रेघा त्याने ओल्या फडक्याने इमानेइतबारे पुसल्या. हा पहिला उद्योग. दुसरा सरांचा. रिकाम्या शाळेत रोज येऊन, समोर मावशी नसताना, त्यांनी चित्र पुढे रेटलं. प्रदर्शनाची तारीख जवळ आली होती. तो वर उचललेला डावा खांदा त्यांच्या डोळ्याला खुपत होता. तो जरा खाली असता तर मानेची रेघ किती सुरेख आली असती, असं त्यांना वाटलं. वाटलं आणि त्यांनी तो खाली घेतला.

सुट्टी संपली. मावशी आली, रेघा पुसलेल्या बघून शिपायाकडे एक नजर टाकली, आणि बाकावर जाऊन बसली. हात टेकला, थोडा पुढे, थोडा मागे, मनगटात ती ओळखीची कळ आली तिथे थांबली. बसली.

"बाई, डावा खांदा खाली घ्या," सर म्हणाले.

"तो वरच होता, सर."

"चित्रात बघा. खाली आहे."

"मग चित्र हललं असेल."

वर्गात खसखस पिकली. सरांचे कान लाल झाले. तीस वर्षांत त्यांच्यावर कुणी हसलं नव्हतं, म्हणजे समोर तरी नाही.

"चित्रं हलत नाहीत," सर म्हणाले, आणि मग एकेक अक्षर सुटं करून, "हललात तुम्ही."

बावीस पेन्सिली थांबल्या. मावशी विश्रांतीपर्यंत तशीच बसून राहिली, खांदा होता तिथे ठेवून, आणि सरांनी तोवर ब्रश नुसताच तेलात बुडवला आणि पुसला. विश्रांतीला ती चित्रं बघायला फिरली नाही. खाली उतरताना एका मुलीने फार मायेने विचारलं, "मावशी, दमता का हो आता? वय होतंच ना." ती माया तिला गांधीलमाशीपेक्षा जास्त लागली. वर्ष संपलं की नवे सर येणार. जाणारे सर त्यांच्या हातात मॉडेलची यादी देणार. त्या यादीत आपल्या नावापुढे 'हलते' असं लागलं, तर एकोणीस वर्षांवर बोळा फिरणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

घरी जाऊन ती खुर्चीत बसली. नवऱ्याने जन्मभराच्या सगळ्या चुका कबूल केल्या, उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलं डबे घेऊन अंगणात गेली. सर ब्रश धूत होते. मावशीने दार लावलं आणि आतून कडी घातली.

"सर, बसा."

"कुठे?"

"माझ्या जागी."

"बाई, काय हे?"

"बसण्यात काय आहे एवढं, असं मी म्हटलं होतं तुम्हाला. मी चुकले होते. आता तुम्ही बघा."

सर बसले. का बसले ते त्यांनाही पुढे कधी नीट सांगता आलं नाही. मावशीच्या आवाजात काहीतरी असावं, किंवा सरांच्या मनात आधीपासूनच काहीतरी असावं. मावशीने खडू घेतला, सरांच्या बुटांभोवती रेघ मारली, मागे टेकलेल्या पंजाभोवती मारली. मग ती ईझलमागे गेली, एक डोळा मिटला, हात लांब करून ब्रशच्या दांड्यावर अंगठा सरकवत मापं घेतली. एकोणीस वर्षं समोरून बघत होती, सगळं पाठ होतं.

"हनुवटी वर. तिथे नाही, खिडकीकडे. श्वास घेत राहा, कुणी अडवलं नाही. आता सगळा भार डाव्या हातावर. आला?"

"आला."

"खांदा कुठे गेला?"

सरांनी मान वळवून खांद्याकडे बघितलं. "वर."

"आता तो चित्रातल्यासारखा खाली आणा. हात न उचलता, भार न काढता."

सरांनी खांदा खाली आणला. कोपर मुडपलं, भार गेला, बाक तिरका झाला आणि थोरले सर "आई गं!" म्हणून धाडकन मंचावर आले. मावशी धावली नाही. तिने विचारलं, "लागलं?"

"नाही." सर पडल्या पडल्याच वर कॅनव्हासकडे बघत होते. खालून बघितलं की चूक मोठी दिसते म्हणतात. "या बाईच्या हातावर भारच नाहीये हो. ही बसलीच नाहीये. चिकटवलीय."

"मी तेच म्हणत होते. तुमच्यासारखं छान म्हणता आलं नाही."

"ती सुरी द्या," सर म्हणाले.

रंग कालवायची ती बोथट सुरी मावशीनेच उचलून दिली. पंधरा दिवसांचा रंग अर्धा वाळलेला, त्यामुळे खरवडताना खर्रर्र असा आवाज झाला की ऐकणाऱ्याच्या दातांना कळ यावी. आणि ऐकणारा होता. शिपाई दाराला कान लावून उभा होता. त्याने कडी ऐकली, धाडकन ऐकलं, "आई गं" ऐकलं, खर्रर्र ऐकलं. आणि थोड्या वेळाने दार उघडून मावशी बाहेर आली तेव्हा तिच्या तळहातावर लाल माखलेलं होतं. सुरी पुसल्याचा गेरू होता तो. पण शिपायाने खडूच्या रेघा पुसल्या होत्या, आणि बोट आपल्याकडे वळण्याआधी लोकांना बघायला दुसरं काहीतरी द्यावं, एवढी अक्कल त्याला देवाने दिली होती.

बाहेर पडण्यापूर्वी मात्र मावशी दारात थांबली होती. "सर, काल बावीस जणांसमोर म्हणालात."

सर चष्मा पुसू लागले. "हो. सांगेन त्यांना."

"चारचौघांत म्हटलेलं चारचौघांतच मागे घेतात."

"सांगेन म्हटलं ना."

नाही सांगितलं. पहिला दिवस गेला, चौथा गेला. सरांची अडचण मोठी होती. वर्गात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक पोराला ते पहिल्या दिवशी एकच धडा देत: समोर दिसतं ते काढा, मनाला वाटतं ते काढू नका. यासाठी त्यांनी हुशार हुशार मुलांना नापास केलं होतं, रडवलं होतं. आणि सुट्टीत रिकाम्या खोलीत त्यांनी स्वतः तेच केलं होतं. हे कबूल करायचं म्हणजे तीस वर्षांच्या सगळ्या नापासांसमोर कान धरून उभं राहायचं.

इकडे बातमी बटणांच्या दुकानात पोचली. ते दुकान मावशीच्या नणंदेचं. गावातलं प्रत्येक तुटलेलं बटण आणि प्रत्येक तुटलेलं लग्न तिथूनच जातं. नणंद संध्याकाळी दुकान तसंच टाकून धापा टाकत आली.

"वहिनी! सुरी काढली म्हणे त्याने तुझ्यावर!"

"कुणी?"

"कुणी काय! तुझ्या सरांनी! प्रेमात होते म्हणे. सगळ्या गावात झालंय."

"बरं."

"बरं? आणि दादाला कळलं तर?"

"मला सकाळीच कळलं," दादा किल्लीवर कानस घासत म्हणाला. "दोन गिऱ्हाइकांनी सांगितलं. एकाच्या मते सुरी, एकाच्या मते कात्री."

मावशीने नणंदेला हाताला धरून खाली बसवलं. "ताई, ते सगळं जाऊ दे. मी हलले, असं कुणी म्हणालं का?"

"हललीस? म्हणजे?"

"बैठकीत. हलले, असं कुणी म्हणालं का दुकानात?"

नणंदेने भावाकडे बघितलं. भावाने खांदे उडवले. "वहिनी, लोक म्हणतायत की तुझ्यासाठी एक माणूस जीव घ्यायला उठला, आणि तू..."

"म्हणू देत. एखादीला बरंही वाटलं असतं. पण हलले असं कुणी म्हणालं, तर त्याचं नाव मला आणून दे."

चित्रशाळेत मावशी वेळेवर जात होती, ठरल्या बैठकीत बसत होती, वेळेवर उठत होती. फक्त विश्रांतीत चादर ओढून खिडकीपाशी उभी राही. चित्रांकडे ढुंकून बघेना. मुलं कासावीस झाली. "मावशी, माझं बघा ना जरा." "मी काय बघू बाळा? हलणाऱ्या बाईला काय कळतं?" हे ती हळू म्हणे, पण सरांच्या ईझलपर्यंत पोचेल इतपत हळू.

आणि सरांच्या ईझलवर तो खांदा येईना. पहिल्यांदा काढला तो दगडाचा झाला. दुसऱ्यांदा काढला, त्याला मान जोडली जाईना. दर वेळी खर्रर्र. तिसऱ्यांदा रंगवला तेव्हा मावशी आपली खिडकी सोडून ईझलपाशी आली, आठ दिवसांत प्रथमच, आणि बघून म्हणाली, "नाही." सरांनी वादही घातला नाही. चौथ्यांदा तर तिने बघायच्या आत त्यांनी स्वतःच सुरी घेतली. आता चित्र दालनात पाठवायला एक दिवस उरला होता.

"घाला खाली," मावशी म्हणाली. राग होता, पण कणवही आली असावी. "पूर्वी होता तसा घाला आणि द्या पाठवून. दिसत होता छान. लोकांना काय कळतंय?"

"लोकांना नाही कळणार," सर म्हणाले. "मला कळतंय ना आता."

मावशी आपल्या बाकावर जाऊन, रेघांत पाय ठेवून, हात टेकून बसली. विश्रांती संपली होती.

सरांनी आपलं ईझल धरून फिरवलं आणि चित्राचं तोंड वर्गाकडे केलं. माणसाच्या उंचीची बाई, खिडकीचा उजेड गालावर, मान, पाठ, टेकलेला हात, सगळं जिवंत; आणि डाव्या खांद्याच्या जागी उघडं कापड.

"या खांद्याचं काय झालं, कोण सांगेल?"

बावीस जण आपापल्या बुटांकडे बघू लागले. शेवटी एक धीट मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे... तुम्ही सुरीने..."

हसू आवरता आवरेना मग कुणाला. सरही हसले, आणि हसून झाल्यावर चष्मा काढून हातात घेतला.

"सुट्टीत बाई समोर नसताना हा खांदा मी मनाने काढला. खाली काढला, कारण खाली छान वाटला. तुमच्यापैकी कुणी हे केलं असतं तर मी नापास केलं असतं, आणि केलेलं आहे. मग बाई म्हणाल्या तो वर होता, तेव्हा माझी चूक मी त्यांच्या माथी मारली. तुमच्यादेखत म्हटलं की त्या हलल्या." ते थांबले. "त्या हलल्या नव्हत्या. रेघा पुसलेल्या असताना, पंधरा दिवसांनी, त्या केसाइतक्या अचूक जागेवर येऊन बसल्या. मी इतकी वर्षं बघायला शिकवतोय, पण त्या दिवशी या खोलीत ज्यांना नीट दिसत होतं अशा त्या एकट्याच होत्या, आणि त्यांचं तर तोंड खिडकीकडे होतं. नव्या सरांना द्यायच्या यादीत त्यांचं नाव मी सगळ्यात वर लिहिलंय. शेजारी लिहिलंय, यांना विचारून चित्र संपवावं."

सगळ्यांनी मंचाकडे बघितलं. बैठकीची अकरा मिनिटं झाली होती, चौदा उरली होती. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं की नाही, यावर वर्गात दोन मतं आहेत. ती हलली नाही, यावर एकच आहे.

पंचवीस मिनिटं भरल्यावर ती उठली, चादर ओढून घेतली, कमरेवर हात ठेवला आणि पहिल्या ईझलपासून सुरुवात केली. "हे काय गं? आठ दिवस लक्ष नाही दिलं तर माझं नाक कुठल्या कुठे नेलंस?"

चित्र प्रदर्शनात गेलं नाही. दालनवाले अर्धवट चित्र घेत नाहीत. सरांनी ते वर्गाच्या भिंतीवर, दारातून शिरताच दिसेल असं लावलं आणि निवृत्त झाले. खांदा पुढे कुणी पुरा केला नाही. नव्या सरांनी एकदा विचारलं होतं, मी करून बघू का. मावशीने त्यांना आधी बाकावर बसायला सांगितलं, तेव्हा त्यांनी विचार बदलला. मावशी अजून बसते. आता पंचविसाची वीस मिनिटं केलीत, ती मुलांचे हात दुखतात म्हणून, असं ती सांगते. नणंदेच्या दुकानात सुरीची गोष्ट अजून चालते आणि गिऱ्हाईक टिकतं म्हणून नणंद ती मोडत नाही.

सरांनी सुरी कुणावर उगारली नव्हती. प्रेमप्रकरण नव्हतं. कडी मावशीने घातली होती, सर बाकावरून आपले आपण पडले होते, आणि खांदा चुकीचा काढला होता म्हणून त्यांनी तो खरवडला.